माशीची लाळ, परजीवीचे फावले

काळा आजार पसरवणारी वाळूमाशी डासापेक्षाही लहान. चावताना ती त्वचेत थोडी लाळ सोडते. लाळेतली काही प्रथिने रक्त गोठू देत नाहीत. दक्षिण अमेरिकेतल्या एका जातीच्या लाळेतले मॅक्साडिलान हे प्रथिन तर रक्तवाहिन्या रुंदावते, शिवाय आपल्या संरक्षक पेशींचा माराही बोथट करते. सोय माशीची, पण फावते हा आजार घडवणाऱ्या लिशमॅनिया या परजीवीचे! १९८८ साली उंदरांवरच्या प्रयोगात लाळेसोबत टोचलेला परजीवी कितीतरी जोमाने वाढला. खरी गंमत पुढेच आहे. परजीवी नसलेल्या माश्या आधी चावून गेलेल्या उंदरांना नंतरच्या संसर्गापासून बरेच संरक्षण मिळाले. म्हणून लाळेतल्या प्रथिनांपासूनच लस बनवण्याचे प्रयत्न चालू आहेत. तोवर मच्छरदाणी घ्या ती मात्र बारीक जाळीचीच. साध्या जाळीतून ही माशी सहज आत शिरते.