कॉईल बरोबर होती

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. त्यावर माझ्याहून चांगलं बोलणारे दहा जण या सभागृहात आहेत. मी बोलणार आहे या टेबलावरच्या पत्र्याच्या डब्याबद्दल. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी तो मी घरी बनवलाय. हा सिग्नल जनरेटर आहे. ३ ते ३० मेगाहर्ट्झ, म्हणजे शॉर्टवेव्ह रेडिओच्या पट्ट्यातला हवा तो तरंग तो काढून देतो.

गोष्ट नववीतल्या विज्ञान प्रदर्शनाची आहे. आम्ही दोघी होतो. दुसरी आत्ता तिसऱ्या रांगेत बसली आहे, नाव घ्यायचं नाही असं तिने बजावलंय. जनरेटर माझा होता: एक बीएफ १९४ ट्रान्झिस्टर आणि भंगारातल्या रेडिओचा गँग कंडेन्सर. कॉईल तिची. फोटोच्या फिल्मरोलची डबी, तिच्यावर एनॅमल वायरचे बारा वेढे, वरून मेणबत्तीचं मेण. माझ्या जनरेटरने एकेक फ्रिक्वेन्सी द्यायची, तिच्या कॉईलवर किती व्होल्टेज येतं ते ओए ७९ डायोड आणि मल्टिमीटरने मोजायचं, आणि आलेख काढायचा. तो डोंगरासारखा यायला हवा, मधे शिखर आणि दोन्हीकडे सारखे उतार.

आमचा डोंगर डावीकडे कोसळलेला. शिखरही उजवीकडे सरकलेलं. मी म्हटलं, कॉईल चुकली. तिने उलगडून पुन्हा गुंडाळली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गुंडाळली, बोटांना वायरचे वळ उठले होते. परीक्षकांनी विचारल्यावर मी सांगितलं, “कॉईल नीट गुंडाळली गेली नाही.” चार्टवर कोणी काय केलं ते लिहिलेलंच होतं. त्यानंतर ती प्रयोगशाळेत फारशी आली नाही. पुढे तिने कॉमर्स घेतलं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही असं ती म्हणते.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मी असाच ऑसिलेटर ऑसिलोस्कोपला जोडला. गँगची पाती आत घेत गेले तशी फ्रिक्वेन्सी उतरत गेली, आणि तिच्याबरोबर तरंगाची उंचीही. कॉईल तीच ठेवून कंडेन्सर वाढवला की त्या जोडीचा विरोध कमी होतो, ट्रान्झिस्टरला पकड मिळत नाही, तरंग मरगळतो. नववीत मी माझ्या जनरेटरचा अशक्तपणा मोजला होता आणि तिच्या खात्यावर मांडला होता. हे कळायला पाच मिनिटं लागली. तिला सांगायला त्यापुढची पंचवीस वर्षं.

तरंगाची उंची एकसारखी ठेवणं ही जुनीच डोकेदुखी आहे. १९३९ मध्ये सुरू झालेल्या ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या पहिल्या उपकरणात, एका ऑडिओ ऑसिलेटरमध्ये, त्यासाठी चक्क एक छोटा बल्ब होता. तरंग वाढला की फिलामेंट तापायची, तिचा रेझिस्टन्स वाढायचा आणि तरंग आपोआप खाली यायचा. इतक्या स्वस्त युक्तीचा मला अजून हेवा वाटतो.

माझ्या डब्यात गँग नाही. एडी ९८५० नावाची चिप आकड्यांतून तरंग घडवते. फ्रिक्वेन्सी अगदी नेमकी, पण ३ मेगाहर्ट्झला मिळते तेवढी उंची ३० ला मिळत नाही. म्हणजे पुन्हा नववीच, फक्त कोसळणारी बाजू बदलली! ही उंची सांभाळायला बाजारात खास चिप मिळतात. पण शाळेत बिघडलेली वस्तू गावातल्या दुकानातल्या सामानाने दुरुस्त व्हायला हवी, हा माझा हट्ट होता. म्हणून नळ म्हणून वापरला १एन४००७. हो, प्रत्येक अडॅप्टरमध्ये असतो तोच, रुपया-दोन रुपयांचा डायोड. हजार व्होल्ट अडवता यावेत म्हणून त्याच्या पोटात जाड थर असतो आणि त्यातला विद्युतभार सावकाश हलतो. काही मेगाहर्ट्झच्या तरंगाला तो डायोडसारखा अडवूच शकत नाही, नुसता रेझिस्टरसारखा वागतो. आणि या रेझिस्टरची किंमत आपण डीसी करंटने ठरवतो. करंट वाढवला की नळ उघडतो, कमी केला की बंद होत जातो. १ मेगाहर्ट्झच्या खाली मात्र हे सोंग उघडं पडतं, तरंग वाकडा होतो. म्हणून डबा ३ पासून सुरू होतो.

नळ कोणी फिरवायचा? मी सॉफ्टवेअरवाली. आधी तक्ताच केला, अमुक फ्रिक्वेन्सीला तमुक करंट. घरच्या टेबलावर झकास चाललं. दुसरी कॉईल जोडली आणि सगळे आकडे खोटे पडले. मग तक्ता फेकला आणि बाहेर जाणारा तरंगच मोजायला लावला. डिटेक्टर डायोड उंची सांगतो, एलएम ३५८ ती नॉबने ठरवलेल्या व्होल्टेजशी ताडून बघतो आणि फरक असेल तेवढा नळ फिरवतो. मोजतो त्या जागेपासून पुढे ५० ओहमचा रेझिस्टर, की झालं. पहिल्या दिवशी हे सगळं थरथरत होतं. नळ जास्त उघडायचा, मग घाबरून जास्त बंद व्हायचा. एलएम ३५८ वर एक कंडेन्सर टाकून त्याला जरा आळशी केल्यावर शांत झालं.

कमी उंची हवी असेल तर बाजूला स्विच आहेत. प्रत्येकामागे दोन १०० ओहम आणि मधे एक ६८ ओहम. एक स्विच दाबला की व्होल्टेज साधारण एक-तृतीयांश. मधले पडदे तुपाच्या डब्याच्या पत्र्याचे, कारण पडदा नसेल तर तरंग स्विचला वळसा घालून पलीकडे जातो.

डबा झाल्यावर मी तिला फोन केला आणि नववीतलं सगळं सांगितलं. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “ती डबी आहे माझ्याकडे. बटणं ठेवते मी त्यात.” पुढच्या रविवारी घेऊन आली. बटणं काढली, वायरची टोकं खरवडली, १०० पिकोफॅरडचा कंडेन्सर लावला. आकडे तिने वाचले, बिंदू मी मांडले. शिखर ७ मेगाहर्ट्झच्या जरा अलीकडे आलं, दोन्हीकडचे उतार जवळपास सारखे. ती म्हणाली, “पहिल्यांदा गुंडाळली तीसुद्धा अशीच असणार ना?” मी हो म्हटलं.

तो आलेख, डबी आणि सर्किटचा कागद इथे टेबलावर आहे. कॉईल कोणी गुंडाळली तेही चार्टवर लिहिलंय, तिथे येऊन वाचा. चहाच्या सुट्टीत मुलांनी खुशाल सगळी बटणं दाबून बघावीत. मधला छोटा स्क्रू तेवढा फिरवू नका, तो लावण्यात माझा एक अख्खा रविवार गेलाय.