औषधाचे पहिले पंधरा दिवस
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या वर्षीच्या संमेलनात चार शब्द बोलावे अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, वसतिगृह अथवा विवाहातील खर्च यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी आपली अपेक्षा असावी. हे विषय महत्त्वाचे खरेच. पण त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. ज्याविषयी घरातही दार लोटून बोलले जाते, असा एक विषय आज आम्ही मुद्दाम घेतला आहे. नैराश्याच्या विकारावरील औषध सुरू करताना, किंवा त्याची मात्रा वाढविताना, जो त्रास होतो तो कसा निभवावा, हा तो विषय होय. आम्ही वैद्य नव्हे. जाणत्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले आणि स्वतःच्या घरी जे भोगले, तेवढेच सांगणार आहोत.

प्रथम घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या धाकट्या बंधूंनी तशी अनुज्ञा दिली आहे. ते या मंडपातच बसले आहेत. घाटाखाली आमची शेती. ओळीने दोन वर्षे कपाशीने दगा दिला. बंधूंची झोप गेली, अन्नावरची वासना गेली, बोलणे तुटले. पुढे पुढे बैलांना वैरण टाकायलाही ते उठेनात. महिनोन्महिने आम्ही त्याला आळस म्हणत राहिलो. अखेर डॉक्टरांकडे नेले, गोळी सुरू झाली. चौथ्या दिवशी त्यांस मळमळू लागले, डोके दुखू लागले, छातीत धडधड होऊन रात्र सरता सरेना. तेव्हा घरातील थोरपणाच्या अधिकाराने आम्हीच म्हणालो, “ही गोळी तुला मानवत नाही, बंद कर.” त्यांनी ती बंद केली. पुढील तीन महिने आमच्या घराने कसे काढले, ते आम्ही येथे सांगत नाही. एवढेच सांगतो की, रात्री एकाने जागे राहायचे, असा आमच्या घरचा नेम झाला होता.

चूक गोळीची नव्हती, डॉक्टरांची नव्हती आणि बंधूंचीही नव्हती. ती आमच्या अज्ञानाची होती. या औषधांचा क्रमच असा आहे की, त्रास आधी येतो आणि गुण मागाहून येतो. हे एक वाक्य आम्हांस त्या वेळी ठाऊक असते, तर ते तीन महिने टळले असते. आज आपल्यापुढे उभे राहण्याचे कारण तेच.

असे का व्हावे? सध्या अधिक प्रचारात असलेली फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही औषधे शरीरातील सेरोटोनिन नावाच्या द्रव्यावर कार्य करतात. हे द्रव्य मेंदूत असते तसे पोटातही असते. किंबहुना शरीरातील बहुतांश सेरोटोनिन आतड्यांतच असते. त्यामुळे औषध पोटात जाताच मळमळ, पातळ शौचास होणे, भूक मंदावणे हे उपद्रव प्रथम जाणवतात. डोकेदुखी, घाम, हातांस कंप, झोप उडणे अगर गुंगी येणे हेही त्यांच्याबरोबर येतात. मेंदूस मात्र त्या बदलाशी जुळवून घेण्यास आठवडे लागतात. पहिले उपद्रव बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतात. गुण दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो आणि पुरता यावयास सहा ते आठ आठवडेही लागतात. मधला काळ हा रोग्याच्या आणि घरच्यांच्या धीराच्या परीक्षेचा काळ होय.

मलकापुराहून एस.टी.ने बुलढाण्यास येताना राजूर घाटाच्या वळणांवर पुष्कळांच्या पोटात ढवळते. म्हणून कोणी अर्ध्या घाटात उतरून परत फिरत नाही. गाडी सावकाश हाकण्यास चालकाला सांगतात, खिडकीपाशी बसतात आणि घाट चढून येतात. औषधाचेही तसेच आहे.

क्षयरोगाच्या औषधाने लघवी तांबडी होते, हे आता गावोगाव ठाऊक आहे. ती पाहून कोणी औषध टाकून देत नाही. नैराश्यावरील औषधांचा उगमही काही अंशी क्षयाच्या औषधातच आहे. १९५२ च्या सुमारास अमेरिकेत क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे औषध देत असता त्यांची वृत्ती उल्हसित होते, असे दिसून आले. पुढे १९५७ साली स्वित्झर्लंडमधील डॉक्टर रोलँड कून यांनी इमिप्रामिनचा नैराश्यावरील गुण प्रसिद्ध केला. क्षयाच्या उपचाराला आपण जो धीर दाखवितो, तोच धीर मनाच्या दुखण्याला का दाखवू नये?

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी, आणि दोन वेळा पोटभर जेवण्याऐवजी थोडे थोडे चार वेळा खावे. झोप उडत असेल तर गोळी सकाळी घेता येईल काय, गुंगी येत असेल तर रात्री घेता येईल काय, हे डॉक्टरांस विचारावे. छातीत धडधडत असेल तर चहा कमी करावा. आपल्याकडे दिवसाला किती कप होतात याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या वर्गातील औषधांनी तोंड कोरडे पडते, शौचास खडा होतो, उठताना चक्कर येते. त्यांनी घोट घोट पाणी प्यावे, पालेभाजी खावी, सकाळसंध्याकाळ चालावे, आणि बाजेवरून एकदम न उठता क्षणभर बसून मग उभे राहावे. गुंगी आहे तोवर मोटारसायकल चालवू नये, मळणीयंत्राजवळ जाऊ नये. दारू पूर्ण वर्ज्य करावी. एखादी गोळी चुकली, तर दुसऱ्या वेळी दोन घेऊ नयेत.

दुसरे असे की, इतर जी औषधे चालू असतील ती सारी डॉक्टरांस दाखवावी. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी या औषधांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉलनेही अपाय होऊ शकतो. काहींच्या दाम्पत्यजीवनातही या औषधांनी उणेपणा येतो. तो आपोआप जाईलच असे नाही. म्हणून लाजेने गप्प राहून औषध सोडण्यापेक्षा डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे हे उपाय त्यांच्या हाती असतात.

मात्रा वाढविली म्हणजे तोच त्रास पुन्हा काही दिवस डोके वर काढू शकतो. तेव्हा “दुखणे उलटले” असे समजून घाबरू नये. तो बहुधा पहिल्यापेक्षा सौम्य असतो. तसेच बरे वाटू लागताच गोळी सोडू नये. पूर्ण बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने ती चालू ठेवण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. बंद करावयाची तीही डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू उतरवीत. एकदम सोडल्यास चक्कर, चिडचिड, निद्रानाश असे नवे उपद्रव उभे राहतात.

परंतु धीर धरणे म्हणजे सारेच सोसणे नव्हे. काही लक्षणे अशी आहेत की, ती दिसताच त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एका जागी बसवत नाही अशी तगमग, जीव देण्याचे विचार येणे किंवा वाढणे, झोप नसता अतोनात उत्साह, बडबड व उधळपट्टी, ताप येऊन अंग ताठणे, थरथरणे व भ्रम होणे, अंगावर पुरळ अगर चेहऱ्यास सूज, फीट येणे, लघवी अडणे, वृद्ध माणसास एकाएकी भ्रम होणे, कारण वृद्धांत रक्तातील सोडिअम उतरण्याचा संभव असतो. पंचवीस वर्षांच्या आतील मुलामुलींकडे पहिले काही आठवडे विशेष लक्ष असावे, कारण त्या वयात आत्मघाताचे विचार औषधाच्या प्रारंभी वाढू शकतात.

आपल्या भागात ‘औषध’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. “अमक्याने औषध घेतले” असे कानी आले की, ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स होते. कारण फवारणीच्या विषालाही आपण औषधच म्हणतो. केंद्र शासनाने २००६ साली शेतकरी आत्महत्यांनी ग्रस्त अशा विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. राज्याने २०१५ साली आरंभिलेल्या प्रेरणा प्रकल्पाच्या चौदा जिल्ह्यांतही तो होता. म्हणून आमची हात जोडून विनंती आहे की, ज्या घरात कोणी या दुखण्यातून जात आहे, त्या घरातून फवारणीचे डबे बाहेर काढून कुलपात ठेवावे, आणि डॉक्टरांच्या गोळ्याही घरातील दुसऱ्या माणसाने जपून रोजच्या रोज द्याव्या. या दोन अर्थांपैकी आपल्या घरात कोणता नांदावा, हे पुष्कळ अंशी घरच्यांच्या हाती आहे.

आमच्या बंधूंचे दुसऱ्या खेपेस काय झाले, तेही सांगतो. आमच्या भावजयीने भिंतीवरील दिनदर्शिकेवर रोज खूण करण्यास आरंभ केला. मळमळ किती, झोप किती, हे ती दोन शब्दांत लिही. पाचव्या दिवशी त्रास वाढला, तेव्हा आम्ही गोळी बंद केली नाही, डॉक्टरांस विचारले. त्यांनी मात्रा निम्मी केली आणि सकाळच्या भाकरीनंतर घेण्यास सांगितले. दहाव्या दिवशी मळमळ गेली. महिन्याने मात्रा वाढविली, तेव्हा डोके पुन्हा चार दिवस दुखले. पण आता दिनदर्शिकेवर मागचा दाखला होता. एके सकाळी बंधूंनी होऊन विचारले, “बैलांना पाणी दाखवले का?” प्रश्न साधाच होता, पण भावजय तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर आली.

कित्येक घरे अशा रोग्यास सैलानीला नेतात. त्या श्रद्धेस आम्ही नावे ठेवीत नाही. श्रद्धेने मनास आधार मिळतो. मात्र दर्शनास जाताना गोळीचे पाकीट बरोबर असावे, एवढेच आमचे सांगणे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयातून उपचाराची सोय आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही विनामूल्य सेवा सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रीबेरात्रीही मराठीत बोलता येते.

शेवटी ज्ञातिसंस्थेविषयी. ही दुखणी लपविली जातात याचे एक मोठे कारण आपल्या वधूवर-सूचीत आहे, हे कटू असले तरी खरे आहे. “सोयरीक मोडेल” या भयाने मुलीची गोळी बंद करणारे आईबाप आम्ही पाहिले आहेत. साखरेच्या गोळीने सोयरीक मोडत नाही, मग या गोळीने का मोडावी? अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत गावच्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन या विकाराविषयी बोलण्यास आरंभ केला, तेव्हा अठरा महिन्यांत उपचार घेणाऱ्या रोग्यांचे प्रमाण शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. जे तेथे घडले ते येथे का घडू नये? प्रत्येक तालुक्यात संस्थेचे दोन विश्वासू सभासद असावेत. पहिल्या पंधरा दिवसांत त्यांनी रोग्याच्या घरी दोनदा जावे, रुग्णालयात सोबत द्यावी, आणि ऐकलेले पोटात ठेवावे. यास निधी लागत नाही, माणूस लागतो.

घाटाखालच्या गावांपुरते ते काम आम्ही आणि आमचे बंधू आजपासून पत्करीत आहोत.