अपघातातील रस्त्याची हानी आणि बेबाकी दाखला
(क्षेत्रीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



रस्त्यावर अपघात घडला की सर्वांचे लक्ष प्रथम माणसांकडे जाते, आणि ते योग्यच आहे. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर कळविणे आणि जखमींना रुग्णालयात पोचविणे हे पहिले कर्तव्य होय. परंतु जखमींची सोय झाली, वाहन ओढून नेले, गर्दी पांगली, की मागे जे उरते त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पुलाचा कठडा तुटलेला असतो, वळणावरचा फलक आडवा झालेला असतो. त्याच रात्री एखादा सायकलस्वार त्या पुलावरून जातो आणि कठडा नाही हे त्याला ठाऊक नसते. दुसरीकडे वाहनाच्या मालकाची रोजीरोटी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी असते आणि तो एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात दाखल्यासाठी फिरत असतो. हे दोन्ही प्रश्न एकाच कामाने सुटतात. ते काम म्हणजे हानीचा हिशेब वेळेवर मांडणे आणि तो वेळेवर मिटविणे.

रस्ता कोणाचा?

पहिली अडचण येथेच येते. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सर्वसाधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्राममार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. राष्ट्रीय महामार्गाची यंत्रणा वेगळी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचा आहे. विजेचा खांब मोडला असेल, तर तो बहुतेक ठिकाणी महावितरणचा असतो. अशा खांबाजवळ न जाता १९१२ वर कळवावे. ज्याची मालमत्ता, त्याचाच दाखला. म्हणून एका अपघातात कठडा आणि खांब दोन्ही मोडले, तर दाखलेही दोन लागतात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमींना वैद्यकीय मदत मिळवून द्यावयाची असते आणि घटनास्थळी पोलीस नसल्यास शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या पोलीस ठाण्यात वर्दी द्यावयाची असते. विमा कंपनीलाही लेखी कळवावयाचे असते. बेदरकारपणे वाहन चालविल्याचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली येतो. सार्वजनिक मालमत्तेची हानी रोखणारा १९८४ चा अधिनियम मात्र ‘आगळीक’ या अपराधासाठी आहे. आगळिकीस हेतू किंवा परिणामाची जाणीव लागते. केवळ ब्रेक निकामी होऊन कठड्यावर आदळलेल्या चालकास त्या अधिनियमाचा धाक घालणे उचित नाही. त्याच्याकडून घ्यावयाची ती झालेल्या हानीची भरपाई होय.

हिशेब कसा मांडावा?

पोलिसांचा पंचनामा हा या हिशेबाचा पाया आहे. ‘पुलाचे नुकसान झाले’ एवढे मोघम वाक्य पुरेसे नाही. कोणत्या बाजूचा कठडा, किती मीटर, किती खांब, ही मापे त्यात यावीत आणि छायाचित्रे जोडावीत. रस्त्याच्या शाखा अभियंत्याने शक्य तो त्याच दिवशी जागा पाहावी. समजा, बारा मीटर कठडा पडलेला आहे. परंतु त्यातील चार मीटर पूर्वीपासूनच मोडलेला होता. अशा वेळी आकारणी आठ मीटरचीच व्हावयास हवी. जुनी मोडतोड नव्या अपघाताच्या नावावर चढविणे हा अन्याय होय, आणि प्रत्यक्ष हानी सोडून देणे हे सार्वजनिक निधीचे नुकसान होय. चालू दरसूचीनुसार अंदाजपत्रक करून त्याची प्रत मागणीपत्रासह मालकास द्यावी.

हे मागणीपत्र मालकाने प्रथम विमा कंपनीकडे पाठवावे. कंपनीच्या संमतीवाचून जबाबदारी कबूल करू नये, अशी अट विमापत्रात सामान्यतः असते. मोटारी व मालवाहू वाहनांच्या प्रचलित विमापत्रांत त्रयस्थाच्या मालमत्तेच्या हानीसाठी साधारणपणे साडेसात लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते. हप्त्यात सवलत घेऊन ते सहा हजारांपुरते मर्यादित केलेले नाही ना, हे पाहावे. कित्येक मालकांना या संरक्षणाची माहितीच नसते आणि ते कर्ज काढून रक्कम भरतात.

रक्कम कधीही रस्त्यावर, हातोहात देऊ नये. शासनाचा भरणा ‘ग्रास’ प्रणालीतून चलनाने होतो. इतर यंत्रणांचा भरणा त्यांच्या अधिकृत पावतीने व्हावा. त्यानंतर कार्यालयाने पत्र द्यावे. त्यात वाहनाचा क्रमांक, अपघाताचा दिनांक व स्थळ, भरलेली रक्कम, चलनाचा क्रमांक आणि ‘या हानीपोटी काही येणे बाकी नाही’ हे वाक्य असावे. हाच बेबाकी दाखला.

दाखल्याची मर्यादा

या दाखल्याने फौजदारी प्रकरण मिटत नाही. ते न्यायालयातच चालते. तसेच दाखला नाही म्हणून वाहन अनिश्चित काळ अडवून ठेवणेही बरोबर नाही. तपासणीसाठी नेलेले वाहन सोपस्कार पूर्ण होताच २४ तासांत परत करावे, असे कलम १३६ सांगते. जप्त वाहने पोलीस ठाण्यात दीर्घकाळ पडू देऊ नयेत, योग्य बंधपत्र व हमी घेऊन ती सोडावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ साली स्पष्ट केले आहे. भरपाईचा आकडा मान्य नसेल, तर तो वाद मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे किंवा दिवाणी न्यायालयात सोडविता येतो.

गावाचे काम

पंचायत सदस्यांनी हानीची लेखी खबर संबंधित उपविभागास त्याच दिवशी द्यावी आणि कठडा उभा राहीपर्यंत तेथे पांढरे रंगविलेले पिंप, लाल निशाण व रात्री दिसेल असा परावर्तक लावून घ्यावा. शिक्षकांनी त्या वाटेने येणाऱ्या मुलांना सावध करावे. अधिकाऱ्यांनी दाखला देताना स्वतःच्या नोंदवहीत आणखी एक रकाना ठेवावा: दुरुस्ती केव्हा झाली? रक्कम जमा झाली आणि कठडा तसाच मोडका राहिला, तर मालक बेबाक होतो, परंतु कार्यालय त्या पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाचे देणेकरी राहते. ते देणे फेडले म्हणजेच हा हिशेब खऱ्या अर्थाने पुरा झाला.

जय हिंद! जय महाराष्ट्र!