'बिचेस ब्रू'मागची बेट्टी

आज एका अमेरिकन रेकॉर्डची गोष्ट सांगते. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'बिचेस ब्रू'. जाझ आणि रॉक एकत्र आलेल्या रेकॉर्ड्समध्ये हिचं नाव अगदी वर घेतलं जातं.

१९६८ साली माइल्स बेचाळीस वर्षांचा होता. जाझमध्ये त्याचा मोठा दबदबा होता, पण तरुण श्रोते रॉककडे वळले होते. त्याच वर्षी त्याने बेट्टी मेब्रीशी लग्न केलं. ती विशीतली, मॉडेलिंग करणारी, स्वतः गाणी लिहिणारी. जिमी हेंड्रिक्स, स्लाय स्टोन यांचं संगीत तिने माइल्सला ऐकवलं. त्याचे सूट जाऊन नव्या तऱ्हेचे कपडे आले, तेही तिच्यामुळे.

मग ऑगस्ट १९६९मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत तीन दिवस ध्वनिमुद्रण झालं. दोन-दोन ड्रमवादक, दोन बासवादक, इलेक्ट्रिक पियानो, गिटार. सगळं काही आधी लिहिलेलं नव्हतं. माइल्स थोडे सूर, थोडी लय सांगायचा आणि टेप चालू राहायची. नंतर निर्माता टीओ मासेरो याने टेप कापून, गोधडीसारखे तुकडे जोडले. शीर्षकाचा तुकडा जवळजवळ २७ मिनिटांचा आहे!

आता नावाविषयी. त्यातला पहिला शब्द बायकांना दिली जाणारी शिवी आहे. माइल्सच्या मनात 'विचेस ब्रू', म्हणजे चेटकिणींचा काढा, असं नाव होतं. शब्द आपण बदलायला सुचवला, असं बेट्टीने पुढे सांगितलं. शिवी तिने स्वतःच उचलून पाटीवर लावली म्हणायची.

१९७०मध्ये रेकॉर्ड आली. जुने रसिक नाराज झाले, नवे धावले. तिला ग्रॅमी मिळालं. त्यातल्या वादकांनी पुढे 'वेदर रिपोर्ट', 'रिटर्न टू फॉरएव्हर' असे गट काढले. गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिनने आधी 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' आणि नंतर आपल्या मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती' उभं केलं.

आणि बेट्टी? लग्न वर्षभरच टिकलं. माइल्सच्या हिंसक स्वभावामुळे आपण बाहेर पडलो, असं तिने सांगितलं. कलाकार थोर म्हणून ही गोष्ट झाकायची नाही. १९७३ ते १९७५मध्ये तिने स्वतःच्या तीन रेकॉर्ड काढल्या. फार धीट म्हणून काही रेडिओ केंद्रांनी त्या वाजवल्याच नाहीत. २००७पासून त्या पुन्हा निघाल्या, तेव्हा नव्या पिढीने तिला ऐकलं. २०२२मध्ये ती गेली.

'बिचेस ब्रू'च्या वादकांत बेट्टी नाही. तिने एकही सूर वाजवला नाही. पण कोणाला नवं ऐकवणं, त्याचा कान बदलणं, हेही कामच असतं, आणि ते सहसा कुठल्या यादीत लिहिलं जात नाही. मोबाइलवर ही रेकॉर्ड सहज मिळेल. पहिली पाच मिनिटं गोंधळ वाटेल. तरी ऐकत राहा. आणि त्यानंतर बेट्टीचं एक गाणं नक्की लावा.