'फ्री' म्हणजे फुकट नव्हे!



जेवणाच्या आधी भाषण ठेवण्यामागे कार्यकारिणीचा काय हेतू आहे, ते आम्ही ओळखून आहोत. भुकेली माणसं वक्त्याला लांबू देत नाहीत! तेव्हा थोडक्यात बोलतो. 'आम्ही' म्हणजे मंडळातले आम्ही चार-पाच संगणकवाले. दिवसभर कोड लिहायचा आणि परतीच्या गाडीत इंग्रजी शब्दांची कुळं शोधत बसायचं, हा आमचा नाद. आजचा विषय आहे इंग्रजांचे मोकळीक आणि मौजमजेचे शब्द.

सुरुवात आमच्याच धंद्यापासून करू. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरने १९८३ साली एका नव्या संगणक प्रणालीची घोषणा केली. ती कुणालाही वापरता यावी, उघडून पाहता यावी, बदलता यावी, ही त्यांची कल्पना. अशा प्रणालीला 'फ्री सॉफ्टवेअर' म्हणू लागले आणि लोकांना वाटलं, फुकट! मग त्यांना वारंवार समजावून सांगावं लागलं की हे 'फ्री' बोलण्याच्या स्वातंत्र्यातलं आहे, फुकटच्या बिअरमधलं नव्हे. मराठी माणसाला ही अडचण येत नाही. आपल्याकडे मुक्त वेगळं आणि मोफत वेगळं. इंग्रजीत मात्र दोघांचा संसार एकाच शब्दात चालतो. पण बरं का, या शब्दांच्या मुळाशी गेलं की दिसतं, मोकळीक इंग्रजांकडेही फुकट मिळत नव्हतीच.

'स्कॉट-फ्री' घ्या. शिक्षा न होता सहीसलामत सुटलेल्या माणसाबद्दल हा शब्द वापरतात. कित्येकांना त्यात स्कॉटलंडवाल्यांची थट्टा वाटते, पण एडिंबरोच्या सभासदांनी निश्चिंत असावे. हा 'स्कॉट' वेगळा. त्याचा जुना अर्थ कर किंवा वर्गणी. गावाच्या करातला, नाहीतर पबमधल्या सामाईक खर्चातला आपला वाटा म्हणजे स्कॉट. तो न भरता जो सुटला तो स्कॉट-फ्री. १८३२च्या सुधारणा कायद्याआधी इथल्या काही शहरांत 'स्कॉट अँड लॉट' नावाची पद्धत होती. स्थानिक कर भरणाऱ्या गृहस्थालाच पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येई. म्हणजे वर्गणी भरली तर मत! आपल्या मंडळाची घटना लिहिणाऱ्यांनी प्रेरणा कुठून घेतली असावी, याचा आम्हाला आता अंदाज आला आहे.

दुसरा शब्द 'फ्रीलान्स'. लान्स म्हणजे भाला. वॉल्टर स्कॉट यांच्या 'आयव्हनहो' या कादंबरीने १८१९च्या अखेरीस हा शब्द रूढ केला. कुणा एका सरदाराशी न बांधलेला, मोबदला देईल त्याच्यासाठी लढणारा भालाईत म्हणजे 'फ्री लान्स'. आपल्याकडे शिवकालीन घोडदळात बारगीर आणि शिलेदार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई. आज कंपनीचा लॅपटॉप वापरणारे आम्ही बारगीर, आणि स्वतःचा लॅपटॉप घेऊन कंत्राटावर फिरणारे आमचे मित्र शिलेदार. शिलेदाराला मोकळीक जास्त खरी, पण घोड्याच्या चंदीची काळजीही त्यालाच!

आता सुटीकडे वळू. आपली 'सुटी' सुटण्यातून आली, दावं सोडल्यासारखी. इंग्रजांची 'हॉलिडे' आली पवित्र दिवसातून. त्यांच्या कामगारांनी मात्र एक संत स्वतःच जन्माला घातला. शनिवारी पगार व्हायचा, रविवारी पिणं व्हायचं, आणि सोमवारी कामाला दांडी! या दांडीला गमतीने 'सेंट मंडे' म्हणत. आमच्या हापिसात हा संत अजूनही कधीमधी दर्शन देतो. पुढे १८७१ साली सर जॉन लबक या बँकर खासदारांनी 'बँक हॉलिडे'चा कायदा करून घेतला आणि वर्षातले काही दिवस कायद्याने मोकळे झाले. लोक कौतुकाने त्या दिवसाला 'सेंट लबक्स डे' म्हणू लागले. त्या यादीत २६ डिसेंबरचा 'बॉक्सिंग डे'ही होता. त्याचा मुष्टियुद्धाशी संबंध नाही. नोकरचाकरांना आणि वर्षभर माल पोहोचवणाऱ्यांना 'ख्रिसमस-बॉक्स' देण्याची जुनी चाल होती. म्हणजे आपली दिवाळीची पोस्तच की!

मौजेचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडणारेही होतेच. मनसोक्त चैन करण्याला इंग्रजीत 'शहर लाल रंगवणं' म्हणतात, आपण जिवाची मुंबई करतो तसं. यामागे लेस्टरशायरमधल्या मेल्टन मोब्रे गावची गोष्ट सांगतात. १८३७ साली वॉटरफर्डचे मार्क्विस आणि त्यांच्या दोस्तांनी दारूच्या नशेत गावाला लाल रंग फासला. टोलनाक्यावरचा पहारेकरीही त्यातून सुटला नाही. ही घटना खरी, पण हा वाक्प्रचार छापील स्वरूपात दिसतो तो १८८०च्या दशकात आणि तोही अमेरिकेत. त्यामुळे तो याच घटनेतून आला असं काही अभ्यासक मानत नाहीत. आम्हाला मात्र त्या पहारेकऱ्याची आठवण राहते. मौज उमरावांची, आणि रंग खरवडत बसायचं त्याने! आपलाही कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या कोण उचलतं आणि पातेली कोण घासतं, ते रात्री दहानंतर एकदा थांबून जरूर पाहा.

आता शेवटचा शब्द, खुद्द 'फ्री'. भाषातज्ज्ञ सांगतात की हा शब्द, 'फ्रेंड' आणि संस्कृतातला 'प्रिय' हे एकाच प्राचीन मुळातून आले. त्यांच्या मते जुन्या काळी घरात दोन प्रकारची माणसं असत, आपली प्रिय माणसं आणि गुलाम. जी आपली, ती 'फ्री'. म्हणजे मोकळं असणं हे एकटं असणं नव्हतं, कुणाचं तरी असणं होतं. इथे नवीन आलो तेव्हा आम्हाला 'कुठे गेला होतास?' असं विचारणारं कुणी नव्हतं. सुरुवातीचे दोन महिने ती मोकळीक फार गोड लागली. पहिल्या दिवाळीला मात्र वाटलं, कुणीतरी विचारावं! मग मंडळात आलो. इथे सगळेच विचारतात.

आजचा निधी गावाकडच्या ज्या मुलींसाठी जमतो आहे, त्यांची गोष्टही हीच. फी माफ असली तरी तालुक्याच्या गावी राहायला खोली लागते, दोन वेळची मेस लागते. मोफत शिक्षणाचा हा न दिसणारा स्कॉट घरच्यांना परवडला नाही, की मुलीचं शिक्षण थांबतं. तो आपण भरायचा आहे.

तिकीट काढून आपण आपला आजचा वाटा दिलाच आहे. तरी जाताना दाराशी, जिलेबीच्या टेबलाशेजारी, एक पेटी दिसेल. सोबत 'गिफ्ट एड'चे फॉर्म आहेत. इथे कर भरणाऱ्याने त्यावर सही केली, तर त्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून मिळतात. एवीतेवी कर भरलाच आहे, तर सही करायला विसरू नका. पेनं आम्ही आणली आहेत.

चला, पानं वाढली आहेत!