एक पान, अनेक हात : आंतरजालावरील विनामूल्य साधने आणि सहअध्ययन

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांचे नाव आज महाराष्ट्रभर घेतले जाते ते प्रामुख्याने शिक्षणासाठी. दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्यांच्या काळात ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द घरोघरी पोहोचला. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली आणि उच्च शिक्षण दाराशी आले. आज वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी दूरदूरची मुले या दोन शहरांत येऊन राहतात. हे यश परिश्रमाचे आहे. ते कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु या यशाच्या जमाखर्चात एक रकाना कोरा राहतो. परीक्षेच्या दालनात प्रत्येक विद्यार्थी एकटा असतो; शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावणे हा तेथे अपराध ठरतो. पुढे रुग्णालयात, कारखान्यात, प्रयोगशाळेत किंवा पेढीवर मात्र कोणतेही मोठे काम एकट्याच्या हातून पार पडत नाही. दुसऱ्याचे ऐकून घेणे, कामाची वाटणी करणे, सहकाऱ्याची चूक सौजन्याने दाखवणे व आपली चूक मान्य करणे हे मुलांनी शिकावे कोठे? या प्रश्नाचे एक स्वस्त व हाताशी असलेले उत्तर आंतरजालावरील विनामूल्य साधनांत आहे.

या साधनांचे मर्म समजण्यास संगणकशास्त्राची आवश्यकता नाही. पूर्वी प्रकल्पवही एकाच्याच दप्तरात असे. गटात पाच मुले असली तरी लिहिणारे हात बहुधा एकाचे, आणि पुष्कळदा ते मुलाचे नसून पालकाचेच असत. २००६ साली गूगलने आंतरजालावरच लिहिता येईल असे कागद व तक्ते सर्वांस उपलब्ध करून दिले. तेथे एकच पान पाच ठिकाणांहून पाच जणांना एकाच वेळी लिहिता येते. विशेष म्हणजे कोणी, कोणत्या दिवशी, कोणते वाक्य घातले वा वगळले, याची नोंद त्या पानाच्या पोटात आपोआप राहते. जुन्या पेढ्यांवर रोजमेळातील आकडा खरवडून काढण्याची मुभा नसे. चूक झाल्यास ती दिसेल अशीच दुरुस्त करावी लागे. हीच शिस्त येथे लागू होते. त्यामुळे काम न करणारा लपत नाही आणि मुकाट्याने काम करणारा झाकला जात नाही. शिक्षकास गुण देण्यासाठी याहून निर्मळ आधार कोणता?

विकिपीडियाची बैठकही याच तत्त्वावर आहे. मराठी विकिपीडियाचा प्रारंभ २००३ साली झाला. तेथे कोणीही लिहू शकतो. परंतु विधानास प्रमाण लागते, आणि प्रत्येक फेरफाराचा इतिहास सर्वांस पाहता येतो. आपल्या गावच्या किल्ल्यावर दहा ओळी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ‘हे कशावरून?’ हा प्रश्न अनोळखी माणूस विचारतो, तेव्हा त्याला संशोधनाची पहिली दीक्षा मिळते.

हे सारे मोठ्या शहरांतील श्रीमंत शाळांपुरतेच आहे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर सोलापूर जिल्ह्यात मिळते. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ साली रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती. एका बाजूस गुरांचा गोठा, दुसऱ्या बाजूस कोठार. अनेक मुलींची घरची भाषा कन्नड असल्याने पाठ्यपुस्तकाची भाषाच त्यांना परकी होती. डिसले यांनी पाठांच्या जोडीला त्यांच्या भाषेतील ध्वनिमुद्रिते, चित्रफिती व स्वाध्याय तयार केले आणि पुस्तकाच्या पानावर क्यूआर संकेत छापून ते मोबाइलवर उघडण्याची सोय केली. २०१७ मध्ये राज्य शासनाने सर्व इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांसाठी ही कल्पना स्वीकारली.

ते एवढ्यावरच थांबले नाहीत. स्काइप या विनामूल्य संभाषणसाधनाच्या द्वारे त्यांनी देशोदेशींच्या वर्गांना विज्ञानाच्या आभासी सहली घडवल्या आणि भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन यांसारख्या परस्परांशी तणाव असलेल्या देशांतील विद्यार्थ्यांच्या जोड्या लावून त्यांच्यात संवाद घडवून आणला. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना १० लक्ष डॉलरचा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार जाहीर झाला. त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील उर्वरित ९ शिक्षकांत वाटून दिली. सहकार्याचा धडा शिकवणाऱ्याने तो स्वतः आचरून दाखवला.

आता नाण्याची दुसरी बाजू. ज्या स्काइपवरून या सहली निघाल्या, ते ५ मे २०२५ रोजी बंद झाले. शाळांमध्ये लोकप्रिय असलेले विकीस्पेसेस २०१८ मध्ये शाळांसाठी बंद झाले आणि त्यावरील असंख्य वर्गांची पाने गेली. गूगलचा जॅमबोर्ड हा सामायिक फळा २०२४ च्या अखेरीस मिटला. विनामूल्य वस्तूचा मालक दुसराच असतो आणि तो केव्हाही दुकानाची फळी लावू शकतो, हे व्यवहारसूत्र येथेही विसरता येत नाही. शिवाय फुकटाचीही किंमत असते. ती पैशात नव्हे, तर मुलांच्या माहितीच्या रूपाने मोजली जाते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अट घातली आहे. तेव्हा शाळेने पालकांची संमती घ्यावी, मुलांची छायाचित्रे व दूरध्वनी क्रमांक उघड्यावर ठेवू नयेत, आणि प्रत्येक प्रकल्पाची एक प्रत शाळेच्या संगणकावर व एक छापील प्रत ग्रंथालयात ठेवावी. साधन गेले तरी काम राहिले पाहिजे.

मजकूर टंकलिखित करताना आणखी एक पथ्य पाळावे. छपाईसाठी वापरले जाणारे जुने मराठी टंक पुष्कळदा दुसऱ्या संगणकावर उघडतच नाहीत आणि शोधयंत्रास ते वाचता येत नाहीत. युनिकोडमध्ये लिहिलेला मराठी मजकूर मात्र सर्वत्र सारखाच वाचता येतो. एवढी एक सवय लागली, तरी आजच्या मुलांचे श्रम पुढील पिढीच्या हाती पोहोचतील.

असे श्रम करण्याजोगा विषय या दोन जिल्ह्यांच्या भूमीतच वाहतो आहे. बीड जिल्ह्यातील बालाघाटात उगम पावलेली मांजरा लातूर जिल्ह्यातून पुढे कर्नाटक व तेलंगणात जाते आणि वळसा घेऊन नांदेड जिल्ह्याच्या देगलूर-बिलोली सीमेवरून गोदावरीस मिळते. याच नदीच्या धरणावर अवलंबून असलेल्या लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोण विसरेल? लातूरकडील एका शाळेने व बिलोलीकडील एका शाळेने एकाच सामायिक तक्त्यात दर आठवड्यास आपल्या गावच्या चार विहिरींची पातळी व पडलेला पाऊस नोंदवावा. एका गटाने मोजमाप करावे, दुसऱ्याने आकडे तपासावेत, तिसऱ्याने वृद्धांकडून १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी टिपाव्यात, चौथ्याने नकाशा काढावा. वर्षाअखेर त्या तक्त्यात जे उमटेल, ते कोणत्याही मार्गदर्शकात छापलेले नसेल. त्यासाठी दोन शाळांत मिळून दोन संगणक, एक दोरी, एक मोजपट्टी आणि दोन उत्साही शिक्षक पुरेसे आहेत.

यांपैकी संगणक दान देता येतो, जोडणीचे शुल्क भरता येते. शिक्षकाचा उत्साह मात्र विकत मिळत नाही. म्हणून समाजाने संगणककक्षाच्या उद्घाटनावर समाधान न मानता त्या शिक्षकास वेळ व मोकळीक द्यावी. पालकांनीही गुणपत्रिकेबरोबर एक प्रश्न आवर्जून विचारावा : ‘या वर्षी कोणाबरोबर काय काम केलेस?’ त्या प्रश्नाला मुलाने चार सवंगड्यांची नावे सांगितली, तर जमाखर्चातील तो कोरा रकाना भरू लागला आहे, असे खुशाल समजावे.