कोंबड्यांच्या पाण्यात वनस्पतींचे अर्क

मांसासाठी वाढविलेल्या ब्रॉयलर कोंबडीचे आयुष्य अवघे पाच-सहा आठवड्यांचे. तेवढ्यात सुमारे चाळीस ग्रॅमचे पिलू दोन किलोंच्या आसपास पोचावे लागते. मध्येच वाढ खुंटली, तर गेलेले दिवस भरून काढण्यास अवधी उरत नाही. म्हणूनच, रोग नसतानाही खाद्यात थोडे थोडे प्रतिजैविक मिसळण्याची चाल जगभर पडली. परंतु त्यामुळे जंतू औषधाला सरावतात, आणि तेच औषध पुढे माणसाच्या दुखण्यात निकामी ठरते. स्वीडनने १९८६ साली व युरोपीय संघाने २००६ साली वाढीसाठी होणारा हा वापर बंद केला. भारतानेही २०१९ साली पशुपक्ष्यांसाठी कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

तेव्हापासून ओवा, लसूण, तुळस यांच्या अर्कांकडे पाळणाऱ्यांचे लक्ष अधिक वळले. ते पाण्यातून देण्यामागे कारण आहे. आजारी पक्षी दाणा सोडतो, पण बहुधा पाणी पीत राहतो. निरोगी पक्षीही खाद्याच्या सुमारे दुप्पट पाणी पितो. उन्हाळ्यात त्याहून अधिक.

ओव्यातील थायमॉल जंतूंच्या पेशींचे आवरण दुबळे करते, हे प्रयोगशाळेत दिसते. पक्ष्यांच्या आतड्यात मात्र गुण दर वेळी सारखा येत नाही; कारण जमीन, हंगाम आणि अर्क काढण्याची रीत यांप्रमाणे वनस्पतीतील द्रव्यांचे प्रमाण बदलते. शिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते. हळदीतील कर्क्युमिनही पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून पाण्यात मिसळेल अशा रीतीने तयार केलेला अर्कच वापरावा. कडुनिंबासारखा कडू अर्क जास्त झाला, तर पक्षी पाणीच कमी पितात, आणि पाणी घटले की दाणाही घटतो.

घरगुती काढा गाळूनही नळ्यांत बुळबुळीत थर धरतो व त्यात जंतू वाढतात. नळ्या वरचेवर धुवाव्यात. राणीखेत रोगाची जिवंत लस पाण्यातून द्यावयाची असेल, तर आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत अर्क बंद ठेवावा.

गुण पारखण्याचा मार्ग सोपा आहे. एकाच वयाच्या पिलांचे दोन भाग करावेत, एकालाच अर्क द्यावा, आणि दोहोंचे वजन, खाद्य व मरतूक यांची वही ठेवावी. वहीत फरक दिसला नाही, तर तो खर्च सोडून द्यावा. रोग पसरल्यास मात्र पशुवैद्याला बोलावण्यास विलंब करू नये. घाण पाणी, ओली गादी आणि कोंदट हवा यांवर कोणत्याही वनस्पतीचा अर्क हा उतारा नव्हे.